डिझेल इंजिन नेमकं कुणाचं? दावे स्वतः तपासायची रीत

‘डिझेल इंजिनाचा शोध रुडॉल्फ डिझेल यांनी लावला’ हे एक वाक्य. ‘खरा शोध हर्बर्ट अक्रॉइड स्टुअर्ट यांचा, डिझेल यांचं फक्त नाव लागलं’ हे दुसरं. डिझेल जर्मन, अक्रॉइड स्टुअर्ट ब्रिटिश, दोघंही इंजिनं घडवणारे. दोन्ही बाजूंकडे अस्सल कागद आहेत, त्यामुळे आणखी कागद गोळा करून हा वाद सुटत नाही. तो सुटतो प्रश्नाचे तुकडे पाडल्यावर आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा पुरावा लावल्यावर.

हाताशी एक वही आणि घातांक काढता येणारा कॅल्क्युलेटर ठेवा. मूळ कागद चारच लागतात: अक्रॉइड स्टुअर्ट यांची १८९० सालची दोन ब्रिटिश पेटंटं, क्रमांक ७१४६ आणि १५९९४, आणि डिझेल यांची दोन जर्मन पेटंटं, क्रमांक ६७२०७ आणि ८२१६८. जर्मन वाचता येत नसेल तर डिझेल यांचं १८९५ सालचं अमेरिकन पेटंट ५४२८४६ इंग्रजीत आहे. पहिल्या जर्मन पेटंटातली मूळ कल्पना त्यातून कळते.

आधी प्रश्न फोडा

‘कॉम्प्रेशन इग्निशन इंजिन’ (दाबून तापलेल्या हवेनेच इंधन पेटवणारं इंजिन) ही एकच कल्पना आहे असं धरलं की पुढचं सगळं बिघडतं. वहीत प्रत्येक दावेदारासाठी एक ओळ आखा आणि तिच्यात सहा रकाने पाडा.

१. पिस्टन काय दाबतो: निव्वळ हवा, की आधीच इंधन मिसळलेली हवा?
२. इंधन आत कधी येतं: हवा ओढताना, दाबताना, की दाबणं संपत आल्यावर?
३. ते पेटवणारी उष्णता कुठून येते: ठिणगी, ज्योत, तापलेला भाग, की केवळ दाबल्यामुळे तापलेली हवा?
४. इंधन आत कोण ढकलतं: पंपाचा दाब, की वेगळ्या कॉम्प्रेसरमधून आलेला हवेचा झोत?
५. जळताना दाब एकदम उसळतो, की इंधन हळूहळू जळून दाब जवळपास तसाच राहतो?
६. हे कागदावर आहे, की चाललेल्या यंत्रात? चाललं असेल तर मोजमाप कुणी घेतलं?

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण ‘कॉम्प्रेशन इग्निशन’ या नावाचा अर्थच तिथे आहे. आजच्या इंजिनाची घडण मात्र चौथ्या रकान्याशिवाय समजत नाही. बहुतेक भांडणं होतात ती एक बाजू तिसऱ्या रकान्याबद्दल बोलत असते आणि दुसरी पहिल्या, दुसऱ्या व चौथ्याबद्दल, म्हणून.

तारखा लावताना

इथे चुका होतात त्या पेटंटचे नियम माहीत नसल्यामुळे. त्या काळी ब्रिटिश पेटंटांचे क्रमांक दर वर्षी पुन्हा एकपासून सुरू होत. म्हणून नुसतं ‘७१४६’ लिहिणं निरुपयोगी आहे, ‘७१४६/१८९०’ असंच लिहा. जर्मन क्रमांक सलग वाढत जातात, तिथे ही अडचण नाही.

ब्रिटिश पद्धतीत आधी तात्पुरतं वर्णन देता येई आणि संपूर्ण वर्णन काही महिन्यांनी. माथ्यावरची तारीख अर्जाची असते. एखादा बारकावा फक्त संपूर्ण वर्णनात असेल, तर त्याला अर्जाची तारीख लावू नका. आणखी एक गोष्ट हमखास सुटते. १८९० च्या सुमारास ब्रिटिश कार्यालय कल्पना नवी आहे की नाही हे तपासत नसे, ती तपासणी विसाव्या शतकात सुरू झाली. जर्मन कार्यालय ती तपासणी तेव्हाही करत होतं. म्हणून ‘ब्रिटनमध्ये पेटंट मिळालं, म्हणजे कल्पना पहिलीच होती’ हा युक्तिवाद वहीत घेऊ नका.

आता तारखा मांडा. अक्रॉइड स्टुअर्ट यांनी चार्ल्स रिचर्ड बिनी यांच्यासोबत घेतलेलं ७१४६ हे पेटंट ८ मे १८९० चं आहे, तर १५९९४ त्याच वर्षीच्या ८ ऑक्टोबरचं. इंग्लंडमधल्या ग्रँथमच्या रिचर्ड हॉर्न्सबी अँड सन्स या कारखान्याने हक्क घेतले आणि हॉर्न्सबी-अक्रॉइड इंजिनं १८९२ मध्ये विक्रीला आली. डिझेल यांचं ६७२०७ हे पेटंट २८ फेब्रुवारी १८९२ पासून लागू झालं आणि २३ फेब्रुवारी १८९३ रोजी प्रसिद्ध झालं. दुसरं पेटंट, ८२१६८, २९ नोव्हेंबर १८९३ चं.

नुसत्या तारखा पाहिल्या तर अक्रॉइड स्टुअर्ट जवळजवळ दोन वर्षं पुढे आहेत. अनेक लेख इथेच थांबतात. पण कशात पुढे, हे रकाना भरल्याशिवाय कळत नाही.

तिसरा रकाना: हवा किती तापते ते मोजा

हे गणित स्वतः करा. अख्ख्या वादात सगळ्यात जास्त उजेड यातूनच पडतो.

हवा झटकन दाबली आणि उष्णता बाहेर जाऊ दिली नाही, तर शेवटचं तापमान म्हणजे सुरुवातीचं तापमान गुणिले दाबगुणोत्तराचा ०.४ वा घात. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे. दाबगुणोत्तर म्हणजे पिस्टन तळाशी असतानाचं एकूण आकारमान भागिले पिस्टन वर टेकल्यावर उरलेलं आकारमान. इथे हमखास होणारी चूक म्हणजे पिस्टन जेवढी जागा झाडतो तेवढीच वर घेणं. उरलेली जागा वर आणि खाली दोन्हीकडे मोजायची असते. हॉट बल्ब इंजिनात, म्हणजे अक्रॉइड स्टुअर्ट यांच्यासारख्या, सिलिंडरला जोडलेल्या तापलेल्या पोकळ बल्बमध्ये इंधन पेटवणाऱ्या इंजिनात, बल्बची पोकळीही त्या उरलेल्या जागेत येते.

सुरुवात २७ अंश सेल्सिअस, म्हणजे ३०० केल्विन धरा.

हॉट बल्ब इंजिनांचं दाबगुणोत्तर साधारण ३ ते ५ असे. ३ चा ०.४ वा घात १.५५. त्याला ३०० ने गुणलं की ४६६ केल्विन, म्हणजे १९३ अंश सेल्सिअस. गुणोत्तर ५ घेतलं तर २९८ अंश. १५ घेतलं तर ८८६ केल्विन, म्हणजे ६१३ अंश.

हे आकडे आदर्श आहेत. खऱ्या सिलिंडरात भिंती उष्णता खातात, थोडी हवा रिंगांवाटे निसटते. त्यासाठी ०.४ ऐवजी ०.३५ घ्या: गुणोत्तर ३ ला १६८ अंश आणि १५ ला सुमारे ५०० अंश येतात. थंड इंजिन सुरू होताना फरक आणखी मोठा असतो.

आता आक्षेप येईल: रॉकेल सव्वादोनशे अंशांच्या आसपास आपोआप पेटतं, मग गुणोत्तर ५ ला ते पेटायला हवं. हा आक्षेप चुकतो, कारण तो आकडा प्रयोगशाळेतल्या भांड्यात, भरपूर वेळ देऊन मोजलेला असतो. इंजिनाकडे तेवढा वेळ नसतो. मिनिटाला १५४ फेऱ्या एवढ्या संथ यंत्रातही एक फेरी ०.३९ सेकंदात होते आणि क्रँकचे २० अंश ०.०२ सेकंदात निघून जातात. एवढ्यात थेंबाची वाफ होऊन ती पेटायची, तर हवा त्या आकड्याच्या बरीच वर हवी. म्हणून व्यवहारात दाबण्याच्या शेवटी ५०० अंश आणि त्याहून जास्त तापमान लागतं.

गणिताचा निकाल असा: हॉर्न्सबी-अक्रॉइडच्या दाबाने हवा कोमट-गरम होते, इंधन पेटवण्याइतकी तापत नाही. उरलेली उष्णता तापलेल्या बल्बमधून येते. यंत्राच्या वागण्यातूनही हेच दिसतं. सुरू करण्याआधी बल्ब दिव्याने काही मिनिटं तापवावा लागे. भार फार हलका झाला की बल्ब थंड पडे आणि इंजिन बंद होई. भार जास्त झाला की बल्ब लाल होऊन इंधन वेळेआधी पेटे. पेटण्याची वेळ बल्बच्या तापमानावर अवलंबून असेल, तर पेटवणारा तो बल्बच.

तेव्हा अक्रॉइड स्टुअर्ट यांच्या तिसऱ्या रकान्यात ‘तापलेला भाग, दाबाची थोडी मदत’ असं लिहा, आणि डिझेल यांच्या रकान्यात ‘केवळ दाब’.

हीटर प्लगमुळे, म्हणजे सिलिंडर तापवणाऱ्या विजेच्या प्लगमुळे, इथे गोंधळ होतो. काही डिझेल इंजिनांना थंडीत सुरू होताना हीटर प्लग लागतो, मग तेही हॉट बल्बच झालं ना? नाही. एकदा चालू झालेल्या इंजिनाचा प्लग काढून घेतला तरी ते चालत राहतं. बल्ब थंड केला तर हॉट बल्ब इंजिन थांबतं. हीच कसोटी लावा.

हे तत्त्व हाताने अनुभवायचं असेल तर फायर पिस्टन वापरा. आग्नेय आशियात आग पेटवायला ही नळी पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. पारदर्शक नळीत पिस्टनच्या टोकाला जळका सुती कपडा किंवा कोरडा भुसभुशीत टिंडर (चटकन पेट घेणारं जळण) ठेवून जोरात, एका दमात दाबायचं. पेटलं नाही तर कारण बहुधा तीनांपैकी एक असतं: रिंग गळते आहे, टिंडरला ओल आहे, किंवा दाबायला वेळ लागतो आहे. सावकाश दाबलं तर नळीची भिंत उष्णता शोषून घेते आणि कितीही खोल दाबलं तरी काही पेटत नाही. नळीत रॉकेल, पेट्रोल किंवा तेलाचा थेंबही घालू नका. बंद नळीत त्याचा स्फोट होतो आणि नळी फुटते.

पेटंटातले दावे वाचताना

चित्रं आणि प्रस्तावना सोडून आधी शेवटचे क्रमांकित दावे वाचा. हक्क तिथे असतो. वर्णनात एखादी गोष्ट सहज उल्लेखलेली असली तरी तिच्यावर हक्क मागितलेला असतोच असं नाही.

७१४६/१८९० मधली जमेची बाजू खरोखर मोठी आहे. हवा आधी दाबायची आणि इंधन नंतर आत घालायचं, म्हणजे ते वेळेआधी पेटत नाही, ही कल्पना त्यात स्पष्ट आहे. पहिला आणि दुसरा रकाना इथे अक्रॉइड स्टुअर्ट यांच्या बाजूने भरतो. चौथाही, कारण इंधन पंपाने ढकललं जातं, हवेच्या झोताची गरज नाही.

मात्र पेटंट आणि विकलं गेलेलं यंत्र एकच समजू नका. बाजारात आलेल्या हॉर्न्सबी-अक्रॉइडमध्ये तेल बल्बमध्ये जाई ते हवा ओढण्याच्या फेरीतच. तिथे त्याची वाफ होई, मग दाबली जाणारी हवा अरुंद मानेतून बल्बमध्ये घुसे आणि दाबणं संपताना मिश्रण पेटण्याजोगं होई. म्हणजे दुसऱ्या रकान्यात पेटंटाचं उत्तर एक आणि कारखान्यातून आलेल्या यंत्राचं दुसरं. दोन ओळी करा. ‘हॉर्न्सबीचं इंजिन म्हणजे आजच्या डिझेलसारखं’ हे विधान या ठिकाणी टिकत नाही.

डिझेल यांचं पेटंट तितक्याच काटेकोरपणे वाचायला हवं. त्यांच्या चाहत्यांना हा भाग आवडत नाही. ६७२०७ चा पहिला दावा असा आहे: शुद्ध हवा इतकी दाबायची की तिचं तापमान इंधनाच्या प्रज्वलन तापमानाच्या बरंच वर जाईल, आणि मग इंधन इतकं हळूहळू घालायचं की जळताना दाब आणि तापमान यांत लक्षणीय वाढ होणार नाही. पहिला अर्धा भाग तिसऱ्या रकान्याला नेमका लागतो. दुसऱ्या अर्ध्यात अडचण आहे. तापमान न वाढवता इंधन जाळायचं, तर ते फारच थोडं जाळावं लागतं.

त्यांनी १८९३ च्या पुस्तिकेत मांडलेलं यंत्र हवा २५० वातावरण दाबाला आणि ८०० अंशांना नेणार होतं, त्यातून ७३ टक्के कार्यक्षमता मिळेल असा हिशोब होता. तोही तपासा. २० अंश म्हणजे २९३ केल्विन, ८०० अंश म्हणजे १०७३. २९३ भागिले १०७३ म्हणजे ०.२७, ते एकातून वजा केले की ०.७३. आकडा बरोबर येतो, कारण तो कार्नोच्या आदर्श चक्राचा, म्हणजे उष्णतेतून जास्तीत जास्त काम काढणाऱ्या कागदावरच्या इंजिनाचा, आहे. पण अशा चक्रात हवा दाबायला लागणारं काम आणि परत मिळणारं काम जवळजवळ सारखंच निघतं. उरलेला थोडा फरक घर्षण गिळून टाकतं. तसं इंजिन स्वतःला फिरवूही शकलं नसतं.

डिझेल यांच्या हे १८९३ मध्येच लक्षात आलं. त्यांनी दाब खाली आणला, जळताना तापमान वाढू द्यायचं ठरवलं आणि ८२१६८ हे दुसरं पेटंट घेतलं. टीकाकारांचा सगळ्यात धारदार मुद्दा इथून निघतो: ज्या पेटंटावर हक्क सांगितला, त्यातलं चक्र चाललेल्या इंजिनात नाही. मुद्दा खरा आहे. तो पाचव्या रकान्यात लिहा. तिसऱ्या रकान्याला त्याचा धक्का लागत नाही, आणि टीकाकार नेमके तिथेच घसरतात.

सहावा रकाना: चाललं का, मोजलं का

डिझेल यांचं यंत्र जिथे बांधलं त्या जर्मनीतल्या ऑग्सबुर्गच्या यंत्र कारखान्यातल्या चाचण्यांच्या नोंदी क्रमाने लावा. १० ऑगस्ट १८९३ ला पहिल्या यंत्रात इंधन पेटलं, स्फोटाने दाब मोजणारा इंडिकेटर उडाला, पण यंत्र स्वतःहून चाललं नाही. १७ फेब्रुवारी १८९४ ला ते सुमारे एक मिनिट स्वतःच्या बळावर फिरलं. तिसऱ्या यंत्राची अधिकृत चाचणी १७ फेब्रुवारी १८९७ ला प्राध्यापक मोरिट्झ श्रोटर यांनी घेतली. सिलिंडरचा व्यास २५० मिलिमीटर, स्ट्रोक ४०० मिलिमीटर, १५४ फेऱ्यांना १३.१ किलोवॅट, इंधन दर किलोवॅट-तासाला ३२४ ग्रॅम, कार्यक्षमता २६.२ टक्के.

आकडे एकमेकांशी जुळतात का पाहा. रॉकेलच्या एका किलोत सुमारे ४२.५ मेगाज्यूल उष्णता. ०.३२४ गुणिले ४२.५ म्हणजे १३.८. एक किलोवॅट-तास म्हणजे ३.६ मेगाज्यूल. ३.६ भागिले १३.८ म्हणजे २६ टक्के. जुळलं. पिस्टन झाडतो ती जागा १९.६ लिटर. चार स्ट्रोकचं यंत्र असल्यामुळे मिनिटाला ७७ कामाच्या फेऱ्या, प्रत्येकीत सुमारे १०,२०० ज्यूल, म्हणजे सरासरी परिणामी दाब (एका फेरीचं काम भागिले पिस्टन झाडतो ती जागा) ५.२ बार. एवढ्या जुन्या, संथ यंत्राला हे शोभतं. कुठलाही जुना आकडा अशा दोन बाजूंनी तपासल्याशिवाय उतरवू नका.

अक्रॉइड स्टुअर्ट यांच्या बाजूने इथे एक प्रयोग पुढे केला जातो. हॉर्न्सबीमध्ये टी. एच. बार्टन यांनी १८९२ मध्ये बल्ब काढून, जास्त दाबाचं डोकं बसवून एक इंजिन सहा तास चालवलं, असं सांगितलं जातं. हा दावा हसण्यावारी नेऊ नका. तो खरा ठरला तर तिसऱ्या रकान्यातही ब्रिटिश बाजूला जागा मिळते. पण त्याला तेच प्रश्न विचारा: दाबगुणोत्तर किती होतं, इंडिकेटरचा आलेख आहे का, ते थंड स्थितीतून सुरू झालं की आधी तापवून, आणि लेखी नोंद त्याच वर्षीची की नंतर आठवून लिहिलेली? उत्तरं हाती येईपर्यंत रकान्यात ‘दावा’ लिहा.

इंडिकेटरचा आलेख मिळाला तर पाचवा रकाना एका नजरेत भरतो. दाबाच्या रेषेला वर टोकदार सुळका असेल तर इंधन एकदम पेटलं आहे. माथा सपाट आणि रुंद असेल तर ते हळूहळू जळलं आहे. १८९७ च्या यंत्राचा माथा रुंद आहे.

बाकीचे दावेदार

यांना फार वेळ देऊ नका, पण ओळ प्रत्येकाची आखा. जॉर्ज ब्रेटन यांच्या १८७२ च्या पेटंटातलं इंजिन स्थिर दाबाने जाळत असे, म्हणजे पाचव्या रकान्यात ते डिझेल यांच्या खूप आधीचं आहे. मात्र हवा वेगळ्या सिलिंडरात दाबली जाई आणि पेटवायला ज्योत होती, त्यामुळे तिसऱ्यात काही नाही. प्रीस्टमन यांचं तेलाचं इंजिन ठिणगीवर चाले, ते या वादातच येत नाही. ओटो क्योलर यांनी १८८७ मध्ये डिझेल यांच्या मूळ चक्राशी मिळतं विवेचन छापलं, आणि ते व्यवहारात चालणार नाही असा निष्कर्ष काढला. एमिल कापिटेन यांनी १८९७ मध्ये डिझेल यांच्या पेटंटाला आव्हान दिलं, पण पेटंट टिकलं.

१९१२-१३ च्या कागदांना जास्त जपा. डिझेल यांनी त्या काळात आपल्या इंजिनाच्या जन्माची हकीकत मांडली आणि योहान्नेस ल्यूडर्स यांनी ‘डिझेल-मिथक’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक १९१३ मध्ये त्यांच्याविरुद्ध लिहिलं. दोघांचीही मतं पणाला लागलेली होती. त्यांतून तारखा आणि कागदपत्रांचे संदर्भ घ्या, विशेषणं सोडा.

चौथा रकाना शेवटी का भरायचा

कारण तो १८९७ नंतरही बदलत राहिला. डिझेल यांना इंधन बारीक फवारायला हवेचा झोत वापरावा लागला. त्यासाठी इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर जड, नाजूक आणि इंजिनाचीच शक्ती खाणारा होता. मोटारगाडीत किंवा लहान यंत्रात तो बसणं कठीण. व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीच्या जेम्स मॅकेक्नी यांनी १९१० मध्ये उच्च दाबाच्या, बिनहवेच्या फवारणीचं पेटंट घेतलं आणि बॉश कंपनीने १९२७ पासून इंजेक्शन पंपांचं मोठं उत्पादन सुरू केलं. त्यानंतर हवेचा झोत मागे पडला.

म्हणजे आजच्या इंजिनात पंपाने थेट इंधन ढकलायची रीत अक्रॉइड स्टुअर्ट यांच्या बाजूची आहे आणि पेटवण्याची रीत डिझेल यांची. रकाने नीट भरले की हेच चित्र दिसतं, आणि आमच्या मते शीर्षस्थानी एकच नाव लिहायचं झालं तर ते डिझेल यांचंच असावं, कारण नावातली ‘कॉम्प्रेशन इग्निशन’ ही अट त्यांच्याच यंत्राने, साक्षीदारासमोर, मोजून पूर्ण केली.

लिहिताना वाक्य कसं ठेवायचं

लेख, फलक किंवा धड्यासाठी एकच वाक्य हवं असेल तर ‘शोध लावला’ हे क्रियापद टाळा आणि प्रत्येक नावापुढे त्याचं काम लिहा. उदाहरणार्थ: ‘अक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० मध्ये दाबलेल्या हवेत पंपाने इंधन घालणाऱ्या, तापलेल्या बल्बच्या इंजिनाचं पेटंट घेतलं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये केवळ दाबाच्या उष्णतेने इंधन पेटवण्याची पद्धत नोंदवली आणि १८९७ मध्ये तिच्यावर चालणारं इंजिन चाचणीत उतरवलं.’ जुन्या ब्रिटिश पुस्तकांत ‘ऑइल इंजिन’ किंवा ‘हेवी ऑइल इंजिन’ दिसलं तर ते हॉट बल्ब आहे की उच्च दाबाचं, हे दाबगुणोत्तर पाहून ठरवा. तो शब्द दोन्हींसाठी वापरलेला सापडतो.